बोट लागणे

आमच्या बेळगावकडच्या जुन्या घरांत एक शब्दप्रयोग अजून टिकून आहे. घाटातल्या वळणांनी कोणाला मळमळू लागले, की आजची मुले ‘गाडी लागली’ म्हणतात. पण घरातली वयोवृद्ध मंडळी अजून ‘बोट लागली’ असे म्हणतात. बेळगावपासून समुद्र घाटाखाली, कित्येक कोस दूर. मग ज्यांनी समुद्र क्वचितच पाहिला, त्यांच्या तोंडी हा शब्द कसा रुळला? त्याचे उत्तर एका विसरल्या गेलेल्या वाटेत आहे.

सदर्न मराठा रेल्वेचा लोहमार्ग बेळगावला पोचला तो १८८७ च्या सुमारास. पाठोपाठ १८८८ साली मुरगाव बंदरापासून घाट चढून येणारा पोर्तुगीज हद्दीतला मार्गही या जाळ्याला जोडला गेला. त्यापूर्वी बेळगाव-धारवाडच्या माणसाला मुंबईस जाण्याचा सोयीचा रस्ता वेंगुर्ल्याचा होता. बैलगाडीने किंवा पायी रामघाट, पुढच्या काळात आंबोलीचा पारपोली घाट उतरायचा, सावंतवाडी मागे टाकायची आणि वेंगुर्ल्याच्या बंदरात आगबोटीची वाट पाहायची. सावंतवाडीकरांकडून १८१२ साली इंग्रजांकडे आलेले हे बंदर बेळगावच्या छावणीचे आणि बाजारपेठेचे समुद्रद्वारच होते. देशावरचा कापूस या वाटेने खाली उतरे. मीठ, नारळ, सुपारी आणि विलायती माल वर चढे. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, कोर्टकचेरीसाठी निघालेली माणसेही याच वाटेने जात-येत. आपल्यापैकी कित्येक घराण्यांचे मूळ पुरुष रत्नागिरी-मालवणकडून या मुलखात आले, तेही हीच वाट उलटी चढून. तेव्हा ‘बोट लागली’ हा शब्द घाट चढून आला, तो या माणसांच्या सामानाबरोबरच.

कोकणपट्टीवर आगबोटींची नियमित ये-जा सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. शेफर्ड कंपनीच्या बोटी त्या काळी सर्वांच्या परिचयाच्या होत्या. तो वारसा पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे गेला. मुंबई सोडली की हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी मांडवीच्या मुखातून पणजी, अशी ही बंदरांची माळ. पावसाळा तोंडावर आला की बोटी बंद होत आणि समुद्र शांत होऊ लागला की पुन्हा सुरू होत. मधल्या महिन्यांत कोकणचा माणूस मुंबईपासून तुटल्यासारखाच असे. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्याचे हजारो हात राबत होते. त्यांची मनीऑर्डर टपालाने येई. पण मनीऑर्डर करणारा माणूस यायचा तो शिमग्याला किंवा मे महिन्यात, बोटीनेच.

या प्रवासाविषयी प्रवाशांचे मत काय होते? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आज आपल्याला ऐकू येतात त्या बहुधा गोड आठवणी. वळकट्या, ट्रंका, फिरकीचे तांबे. डेकवर आधी जाऊन सतरंजी अंथरून अडवलेली जागा. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, कारण प्रवासात त्या चालत आणि सोवळ्याओवळ्याचा प्रश्न त्यांनी बराचसा सुटे. हातात लिंबू किंवा आवळकाठी. रात्री कठड्याशी उभे राहून पाहिलेला वेंगुर्ल्याच्या खडकांवरचा दीप. पहाटे आग्वादचा किल्ला दिसताच उडालेली धांदल. गोमंतकातल्या मंडळींच्या आठवणीत याला जोड असे ती पोर्तुगीज अमलातल्या जकातीच्या तपासणीची. ट्रंक उघडून प्रत्येक वस्तू दाखवावी लागे, आणि त्या कटकटीचेही पुढे किस्से झाले.

पण याच प्रवासाची दुसरी बाजू त्या एका शब्दातच दडलेली आहे. मराठीत ‘बोट लागणे’ याचे दोन अर्थ होतात. बोट धक्क्याला लागते आणि बोट माणसालाही लागते. कोकणातल्या बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. उतारूंना मात्र लागे. पाणी उथळ, तळाशी खडक, धक्के तोकडे. म्हणून आगबोट बाहेर खोल समुद्रात उभी राही आणि पडाव, मचवे, होड्या तिच्या अंगाशी येऊन भिडत. लाटेबरोबर पडाव वर येई त्या क्षणी पाय टाकायचा. क्षण चुकला तर पाय आणि पडाव यांच्यामध्ये पाणी. लहान मूल आधी खलाशाच्या हाती द्यायचे, मग नऊवारी सावरत आईने उतरायचे. पडावातून किनाऱ्याजवळ आल्यावरही शेवटचे अंतर गुडघाभर पाण्यातून, नाहीतर कोणाच्या खांद्यावरून. रात्रीची वेळ असली तर हे सारे कंदिलाच्या उजेडात. ज्या मंडळींनी हे सोसले त्यांनी ते फारसे लिहून ठेवले नाही. सोसणे हा प्रवासाचा भागच आहे, असे त्यांनी धरलेले होते. ‘बोट लागली’ एवढ्या दोन शब्दांत त्यांनी ते आटोपले.

तक्रार मात्र होती, आणि ती केवळ कुरकुर म्हणून राहिली नाही, हे या इतिहासातले महत्त्वाचे पान आहे. डेकच्या उतारूला मालाच्या पंक्तीत बसवणारी गर्दी आणि परक्या कंपनीची बेपर्वाई यांविषयीची चीड स्वदेशीच्या चळवळीत संघटित झाली. दक्षिणेत तुतिकोरिन येथे व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली स्वदेशी आगबोट कंपनी काढली. त्याच साली मुंबईतही देशी भांडवलावर इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. या नावातील ‘माझी’ हा शब्द पाहावा. उतारूचे मत याहून थोडक्यात आणि याहून ठाशीव कोणत्या ग्रंथात सापडेल? तिने आपल्या बोटींना दिलेली नावेही उतारूंच्या घरातली होती : तुकाराम, रामदास आणि ख्रिस्ती उतारूंसाठी सेंट झेवियरसारखी संतांची नावे. वारकरी, समर्थभक्त आणि जुन्या गोव्याच्या फेस्ताला जाणारा ख्रिस्ती कोकणी माणूस, तिघांचेही दैवत बोटीच्या नाळेवर होते.

परंतु नाव आपले झाले म्हणजे समुद्र आपला होत नाही. या किनाऱ्याच्या आगबोटींचा इतिहास तीन तारखांवाचून सांगता येत नाही.

पहिली तारीख ८ नोव्हेंबर १८८८. शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’ ही अवघ्या तीन वर्षांपूर्वी बांधलेली बोट कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे गुजरातेत तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. बोटीचा सांगाडाही हाती लागला नाही. झगझगीत दिवे होते; जीवरक्षक साधने मात्र पुरेशी नव्हती, असे चौकशीत दिसून आले. दुसरी तारीख नोव्हेंबर १९२७ मधली. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी वादळी समुद्रात एकाच दिवशी बुडाल्या. ‘तुकाराम’वरचे काही उतारू वाचले, ‘जयंती’वरचे कोणीही परतले नाही.

तिसरी तारीख १७ जुलै १९४७. त्या दिवशी आषाढी अमावास्या होती. सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सहाशेहून अधिक उतारू घेऊन ती बंदराबाहेर आली. ‘रामदास’ १९३६ साली इंग्लंडात बांधलेली, तेव्हा ती जुनाट नव्हती. हजारभर उतारूंची तिची क्षमता होती, तेव्हा गर्दीही बेसुमार म्हणता येणार नाही. एव्हाना ती बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या ताब्यात आली होती. काशाच्या खडकाजवळ वादळी वाऱ्याने आणि लाटेने तिला गाठले, भेदरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. जेमतेम काही मैलांवरच्या मुंबईला ही बातमी कळण्यास कित्येक तास लागले. सहाशेच्या वर माणसे गेली. एक महिन्याच्या आत देश स्वतंत्र झाला, आणि त्या आनंदात व फाळणीच्या आकांतात ‘रामदास’चा शोक पुष्कळसा घरोघरीच राहिला.

ज्यांना बोट कायमची लागली, त्यांचे मत आपल्याला कधीच मिळणार नाही. जे सुखरूप उतरले तेच आठवणी सांगतात. म्हणूनच आठवणींतला समुद्र नेहमी खऱ्या समुद्राहून शांत असतो. इतिहास लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही, तर हा सारा काळ दशम्यांच्या आणि चांदण्याच्या वर्णनात विरघळून जातो.

पुढची कथा परिचित आहे. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, आणि लग्नसंबंधांनी एकत्र विणलेल्या मुलखात सरहद्द खरोखरीची झाली. माहेर पेडण्याला आणि सासर वेंगुर्ल्याला असलेल्या स्त्रीला चार कोसांवरचे गाव परदेश झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि मुंबई-पणजी बोटीला पुन्हा भरती आली. चौगुल्यांच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी आज साठी ओलांडलेल्या पिढीला आठवतात. डेकवर पुन्हा सतरंज्या अंथरल्या गेल्या. त्यांच्या शेजारी गिटार घेऊन बसलेले परदेशी हिप्पीही आले. एकाच डेकवर एकाला गावी पोचायचे होते आणि दुसऱ्याला कुठेच पोचायचे नव्हते. पण एव्हाना एस. टी. गावोगाव पोचली होती, मधली बंदरे गाळाने भरत चालली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही बोटसेवा थांबली. १९९४ पासून काही वर्षे वेगवान कॅटामरान धावली. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण खुला झाला, आणि समुद्रवाटेची गरजच उरली नाही.

गरज संपल्यावर हौस सुरू होते. २०१८ साली ‘आंग्रिया’ ही विहारनौका मुंबई-गोवा धावू लागली. पुढे तीही थांबली. २०२१ पासून त्याहून मोठी जहाजे मुंबईहून सफरींना निघू लागली. वातानुकूलित खोल्या, पोहण्याचा तलाव, बहुविध पक्वान्ने. यांतून फिरून आलेले आपले नातेवाईक मत देतात ते जेवणाविषयी, खोलीच्या खिडकीविषयी, मोजलेल्या दामाविषयी. यात हसण्यासारखे काही नाही. सुखाने प्रवास करावा आणि त्याविषयी चोखंदळपणे बोलावे, ही ऐपत आपल्या आजोबा-पणजोबांनी पडावात उड्या मारून मिळवली आहे. मात्र एक फरक नोंदवण्यासारखा आहे. सफरीच्या जहाजावर बोट हेच मुक्कामाचे ठिकाण असते. जुन्या उतारूला बोटीचे कौतुक नव्हते. त्याला पलीकडचा काठ हवा होता. विहारनौका मालवण, देवगड, वेंगुर्ल्यासमोरून रात्रीच्या अंधारात पुढे निघून जाते, आणि त्या बंदरांत कोणी कंदील घेऊन उभे नसते.

वेंगुर्ल्याची वाट बंद झाली तशी बेळगावची कोकणाकडे असलेली पाठ अधिकच वळली. आपण घाटावरचे झालो, रेल्वेचे झालो, प्रांतांच्या वादाचे झालो. आपला एक दरवाजा समुद्राकडे उघडत होता, हे आपल्या मुलांना ठाऊक नाही. ते त्यांना कळावे असे वाटत असेल, तर घरातल्या वृद्धांना एकदा नेमका प्रश्न विचारावा. ‘बोटीचा प्रवास कसा होता?’ असे विचारू नये. त्याला ‘छान होता’ असेच उत्तर मिळते. ‘बोटीतून पडावात कसे उतरलात? मूल कोणाच्या हाती दिले?’ असे विचारावे. उत्तर देण्यापूर्वी त्या क्षणभर थांबतील, आणि बहुधा त्यांचा हात आपोआप पुढे होईल, कोणीतरी धरावा म्हणून.