घारापुरी : स्तूपाची टेकडी आणि खाडीचे धन

घारापुरी म्हटले की सर्वांच्या डोळ्यांपुढे त्रिमूर्ती उभी राहते. साहजिकच आहे. सहाव्या शतकातले ते शिल्प सुमारे सहा मीटर उंच, त्याच्यापुढे माणूस गप्पच होतो. लेणे कोणत्याही पंथाचे असो, छिन्नी-हातोडा चालवणारे हात कष्टकऱ्यांचेच. पण गेटवेहून लाँचने तासाभरात पोचणारे आपले बहुतेक उपासक-उपासिका पहिले लेणे बघतात, काकडी-कैरी खातात आणि परत फिरतात. पूर्वेकडच्या टेकडीकडे कोणी वळतच नाही. आम्हांला सांगायचे आहे ते त्या टेकडीविषयी.

तिचे नावच स्तूप टेकडी. तिच्यावर विटांचा लहानसा स्तूप आहे. आज तो नुसता उंचवटा दिसतो. मुळात तो बराच उंच होता असे अभ्यासक मानतात आणि त्याचा संबंध सोपाऱ्याशी जोडतात. जवळच कोरलेली पाण्याची टाकी आहेत. दोन लेणी आहेत, त्यातले एक अर्धवट राहिले. बेटावरची वस्ती इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापर्यंत मागे जाते, म्हणजे त्रिमूर्तीच्या कितीतरी आधी इथे भिक्खूंचा वावर होता. शैव लेणी थोर आहेतच, पण बेटाची कथा तिथून सुरू होत नाही, हे मुलांना कोणी सांगायचे?

१५३४ नंतर हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. राजबंदरावरचा दगडी हत्ती बघून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटले. लेण्यातला एक शिलालेख त्यांनी काढून पोर्तुगालला धाडला, तो कायमचा गेला. हत्ती १८६४ साली मुंबईत आणला गेला, तो आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे.

आता खाडीकडे बघा. किनाऱ्याला तिवरांची दाट राई, ओहोटीला चिखलात उड्या मारणारे निवटे, खेकडे, टपून बसलेले बगळे, वर घारी. वाटेवरची माकडे तर पिशवीच हिसकावतात! शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तीन गावांतल्या आगरी-कोळी कुटुंबांची भाकरी या चिखलाशी बांधलेली. म्हणून ७ ऑगस्ट २०१० ला बंदराच्या तोंडाशी चित्रा आणि खलिजिया ही जहाजे आदळली आणि तेल तिवरांत शिरले, तेव्हा मासळीच्या टोपलीवरच घाला पडला. तिवराची श्वासमुळे तेलाने बुजली की झाड गुदमरते आणि माशांच्या पिल्लांचा आसरा जातो.

१९८७ मध्ये लेणी जागतिक वारसा झाली, पण गावांत कायमची वीज यायला फेब्रुवारी २०१८ उजाडले; तीही समुद्राखालच्या केबलने. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर, पुढे कंदील.

जाणाऱ्यांनी सोमवार टाळावा, लेणी बंद असतात. मुक्कामाची परवानगी नाही, म्हणून सकाळची पहिली लाँच धरावी. पाणी सोबत घ्यावे, आणि पहिल्या लेण्यापाशी न थांबता पूर्वेची वाट विचारावी.