राहण्यास व कामास योग्य

हिंजवडीच्या चौकात गाडी अडकली की वाचायला समोर फलकच असतात, आणि हिंजवडीत गाडी रोजच अडकते. 'ऑफिसपासून चालत पाच मिनिटं.' 'अडीच बीएचके, अर्धी खोली खास तुमच्या कामासाठी.' २०२०नंतर या अर्ध्या खोलीला फार भाव आला. मीही अशाच एका खोलीतून काम करते. एका कडेला टेबल, दुसऱ्या कडेला कपडे वाळत घातलेला स्टँड. मीटिंगला कॅमेरा सुरू करायच्या आधी स्टँड सरकवायचा, एवढीच काय ती आमच्याकडे घर आणि ऑफिस यांच्यातली सीमारेषा.

फलकांवर ही कल्पना अगदी नवी असल्यासारखी विकतात, याची मला गंमत वाटते. इथून वीसेक किलोमीटरवरच्या पुण्याच्या पेठांमध्ये मोठी घरं मुळात बांधलीच तशी जात होती.

पेशवाईतला सरदाराचा किंवा सावकाराचा वाडा डोळ्यांपुढे आणा. दिंडीदरवाजातून आत गेलं की पहिला चौक. तिथे कारकून, हिशेबाच्या वह्या, अर्ज घेऊन आलेली माणसं. वर दिवाणखाना, म्हणजे बैठकीची जागा. माजघर, देवघर, स्वयंपाकघर हे सगळं मागच्या चौकात. पुढच्या चौकात बसलेल्याला मागे काय शिजतंय, कोण रडतंय, याचा पत्ता लागू नये अशी ती रचना. काम आणि घर एकाच छपराखाली, पण मध्ये भिंत.

१८१८मध्ये पेशवाई गेली आणि वाड्यांचं उत्पन्नही गेलं. नांदवायला खानदान उरलं नाही तिथे बिऱ्हाडकरू आले, शाळा आल्या, छापखाने आले. दुसऱ्या बाजीरावाच्या हौसेच्या विश्रामबागवाड्यात १८२१मध्ये संस्कृत पाठशाळा भरू लागली. वाडा ही नव्या धंद्यांसाठी तयार जागाच होती. पुढचा चौक कामाला मोकळा, मागच्या चौकात संसार.

असाच एक वाडा नारायण पेठेत होता, बडोद्याच्या गायकवाडांचा. १९०५ मध्ये सयाजीराव महाराजांकडून तो लोकमान्य टिळकांनी विकत घेतला.

त्याआधी टिळक विंचूरकर वाड्यात भाड्याने राहत. विवेकानंद १८९२मध्ये त्यांच्याकडे उतरले ते तिथेच, आणि त्यांचा सार्वजनिक गणपतीही आधी तिथेच बसला. 'केसरी' जानेवारी १८८१पासून निघत होता, त्याचा पसारा वाढला होता. भाड्याच्या घरात पसारा वाढला की काय होतं ते आपल्याला सांगायला नको. त्यातून १९०५ म्हणजे वंगभंगाचं वर्ष. स्वदेशी आणि बहिष्काराने सगळीकडे वातावरण तापलेलं.

विकणाऱ्याकडेही जरा बघा. इंग्रज रेसिडेंटची सतत नजर असलेला एक संस्थानिक, आणि घेणारा कोण, तर १८९७मध्ये राजद्रोहाची शिक्षा भोगून आलेला संपादक. कागदावर हे साधं खरेदीखत असेल, पण सयाजीरावांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने चार वेळा विचार केला असता.

त्यानंतर वाड्यात सगळंच आलं. 'केसरी' आणि 'मराठा'ची कचेरी, पुस्तकं, कुटुंब, भाचे, पाहुणे, गावोगावचे कार्यकर्ते, भाद्रपदात गणपती. टिळकांना सलग, शांतपणे ग्रंथाचं काम करायचं असलं की ते सिंहगडावरच्या बंगल्यात जात. घरातून काम करणाऱ्या माणसालाही काम करायला घराबाहेर पळावं लागतं, हे वाचून मला बरं वाटलं.

मधली भिंत पातळ असण्याची किंमत तीन वर्षांतच कळली. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या अग्रलेखांसाठी २४ जून १९०८ला टिळकांना मुंबईत अटक झाली आणि लगोलग पुण्यात वाड्याची झडती झाली. घर कुठे संपतं आणि कचेरी कुठे सुरू होते हे पोलिसांनी विचारायचं कारणच नव्हतं. झडतीत एक कार्ड मिळालं. त्यावर स्फोटकांवरच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावं होती. टिळकांचं म्हणणं साधं होतं: सरकारने नुकताच स्फोटकांचा कायदा केला आहे, त्यावर लिहायचं म्हणून वाचायच्या पुस्तकांची नावं टिपून ठेवली. संपादकाच्या टेबलावर असल्या चिठ्ठ्या शंभर असतात. पण खटला अग्रलेखांचा असूनही सरकारी पक्षाने ते कार्ड लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं याचा पुरावा म्हणून कोर्टापुढे ठेवलं. २२ जुलैला न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली.

टिळक मंडालेला असताना, जून १९१२मध्ये, सत्यभामाबाई वारल्या. १६ जून १९१४च्या मध्यरात्री पोलिसांनी टिळकांना वाड्यावर आणून सोडलं, तेव्हा मागचा चौक रिकामा झाला होता. पुढच्या चौकात मात्र गर्दी उसळली. सरकारने वाड्यावर पहारा बसवला, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं टिपली जाऊ लागली. घरी भेटायला येणं हेही राजकारण ठरलं. 'गीतारहस्य' १९१५मध्ये निघालं आणि पुढे टिळकबंधूंनी काढलेल्या आवृत्त्यांवर प्रकाशकाचा पत्ता म्हणून गायकवाडवाडाच छापला गेला. लेखकाचं घर, वर्तमानपत्राची कचेरी आणि पुस्तकाच्या प्रकाशकाचा पत्ता, तिन्ही एकच.

एवढं शाळेत थोडंफार सांगतात. पुढचं सांगत नाहीत.

१ ऑगस्ट १९२०ला टिळक गेले. 'केसरी-मराठा' संस्थेचा कारभार विश्वस्तांकडे होता, आणि वाड्यात टिळकांचे दोन मुलगे राहत होते, रामचंद्र आणि श्रीधर. आता प्रश्न असा, की हा वाडा म्हणजे संस्था की वडिलांचं घर? टिळक असेपर्यंत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, कारण दोन्हींचा धनी एकच होता. विश्वस्तांच्या बाजूनेही बोलता येतं. वर्तमानपत्र म्हणजे काही भांडीकुंडी नव्हेत, की बाप गेल्यावर मुलांनी वाटून घ्यावीत. ते चालायचं तर चालवणारा कुणीतरी हवाच. पण मुलांच्या जागी उभं राहून बघा. ज्या चौकात आपण खेळलो तिथे आपल्यालाच पाहुण्यासारखं वावरायचं? वाद कोर्टात गेला.

हा वाद नुसत्या मालमत्तेचा असता तर मी इतकं लिहिलं नसतं. श्रीधरपंत, घरचे आणि मित्र त्यांना बापू म्हणत, आपल्या वडिलांच्या राजकीय गोतावळ्यापासून फार दूर गेले होते. जातिभेद मोडला पाहिजे हे त्यांचं ठाम मत होतं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे स्नेही होते. गणेशोत्सवात अस्पृश्यांचा मेळा वाड्यात आणायचं बापू आणि रामभाऊंनी ठरवलं, तेव्हा विश्वस्तांनी विरोध केला. मेळा आत आलाच. प्रबोधनकार ठाकरे तेव्हा या भावांच्या बाजूने उभे होते आणि आपल्या आत्मचरित्रात त्यांनी त्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. वाचायला मिळालं तर सोडू नका.

८ एप्रिल १९२८ला श्रीधरपंतांनी याच वाड्यात समाज समता संघाची पुणे शाखा काढली. बाबासाहेब हजर होते आणि सहभोजन झालं. हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सनातनी पुण्याच्या मधोमध, 'केसरी'च्या कचेरीला लागून, सगळ्या जातींची माणसं एका पंगतीला बसली आहेत. हे कुठल्या मैदानावर झालं असतं तर सभा म्हणून विसरलं गेलं असतं. ते एका घरात झालं, आणि घरात जेवायला कुणाला बोलवायचं हे घरचा माणूस ठरवतो. श्रीधरपंतांचा वाड्यावर हक्क होता की नाही, या कोर्टातल्या प्रश्नाला त्या दिवशी पंगतीतून त्यांनी आपलं उत्तर देऊन टाकलं, असं मला वाटतं.

त्यानंतर दीड महिन्याने, २५ मे १९२८ला, श्रीधरपंतांनी आपलं आयुष्य संपवलं. वय जेमतेम बत्तीस. कोर्टकचेऱ्यांनी ते पिचून गेले होते. जाण्याआधी त्यांनी बाबासाहेबांना पत्र लिहिलं. बाबासाहेबांना ते जिव्हारी लागलं, आणि ते पत्र पुढे 'समता' पाक्षिकात छापलं गेलं.

त्यांचा शेवट झाला तो भांबुर्ड्याला. भांबुर्डा म्हणजे आजचं शिवाजीनगर. आमच्या हिंजवडीहून निघणाऱ्या २३ किलोमीटरच्या मेट्रोचं दुसरं टोक.

वाड्याला आता सगळे केसरीवाडा म्हणतात. मानाचा पाचवा गणपती तिथलाच, त्यामुळे पुण्यात वाढलेला माणूस एकदा तरी त्या दारातून आत गेलेला असतो. आत टिळकांचं संग्रहालय आहे, पुतळा आहे. गर्दी टाळायची असेल तर गणपतीचे दिवस सोडून जा; चौकात निवांत उभं राहता येतं. सहभोजनाची पंगत कुठे बसली असेल याचा अंदाज बांधायचा मी तिथे दोनदा प्रयत्न केला आहे.

श्रीधरपंत गेले तेव्हा त्यांचा मुलगा सहा-सात वर्षांचा होता. तो मुलगा म्हणजे जयंतराव टिळक. १९८६ ते १९९८ या काळात ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. त्याच्या कितीतरी आधी, वडील ज्या कचेरीशी भांडले तिथल्याच खुर्चीत बसून, ते 'केसरी'चे संपादक झाले होते.