बांधकामातील अग्निसुरक्षा : अभिकल्पकांची जबाबदारी

इमारत उभारली जात असताना किंवा तिची दुरुस्ती चालू असताना आग लागू नये आणि लागल्यास सर्वांना सुखरूप बाहेर पडता यावे, यासाठी आराखड्याच्या अवस्थेतच करावयाची योजना. वास्तुशिल्पज्ञ, संरचना अभियंते व विद्युत् अभियंते यांचा अभिकल्पकांत समावेश होतो. ग्रेट ब्रिटनमध्ये ही जबाबदारी कायद्याने कशी निश्चित होत गेली, याचे विवेचन येथे केले आहे.

लंडनच्या १६६६ मधील भीषण आगीत सु. १३,२०० घरे जळाली. त्यानंतर १६६७ च्या पुनर्बांधणी अधिनियमाने विटांच्या वा दगडांच्या भिंती आवश्यक ठरविल्या आणि घरांचे वर्ग पाडून भिंतींची जाडी निश्चित केली. १७७४ च्या अधिनियमाने सामाईक भिंतींविषयीचे नियम विस्ताराने घालून दिले. तथापि या नियमांचा रोख मुख्यतः पूर्ण झालेल्या इमारतीवर होता. अपुऱ्या इमारतीचा धोका निराळा असतो. जिने अर्धवट असतात, पोलादी खांबांवर अग्निरोधक लेप चढलेला नसतो, फवारा यंत्रणा सुरू झालेली नसते आणि आग अडविणारी दारे बसविलेली नसतात. उलट लाकूड, वेष्टने, रंग व वायूच्या टाक्या यांचे साठे आणि वितळजोडकामासारखी ठिणग्या उडविणारी कामे मात्र तेथे असतात.

ससेक्समधील अपपार्क या सतराव्या शतकातील वाड्याच्या छपरावरील शिशाची दुरुस्ती चालू असताना १९८९ मध्ये आग लागून त्याचे वरचे मजले नष्ट झाले. लंडनच्या ब्रॉडगेट भागात २३ जून १९९० रोजी चौदा मजली अपूर्ण इमारतीत कामगारांच्या तात्पुरत्या खोलीतून आग पसरली. पोलादी सांगाडा वाकला, परंतु कोसळला नाही. एकूण हानी २.५ कोटी पौंडांहून अधिक झाली. तीपैकी सांगाड्याच्या दुरुस्तीचा खर्च २० लाख पौंडांहूनही कमी होता. अशा जागांच्या अग्निसंरक्षणाची संयुक्त आचारसंहिता १९९२ मध्ये तयार झाली.

त्याच वर्षी यूरोपीय समुदायाने तात्पुरत्या व फिरत्या बांधकामस्थळांविषयी निदेश काढला. त्यास अनुसरून ब्रिटनने केलेले बांधकाम (अभिकल्प व व्यवस्थापन) विनियम ३१ मार्च १९९५ पासून अंमलात आले. सुरक्षितता ही केवळ कंत्राटदाराची बाब नसून तिचा आरंभ आराखड्यापासून होतो, हे तत्त्व त्यांनी प्रस्थापित केले. २००७ व २०१५ मध्ये हे विनियम नव्याने करण्यात आले. २०१५ च्या विनियमांनुसार अभिकल्पकाने संभाव्य धोका शक्यतो नाहीसा करावा, तसे न जमल्यास तो कमी करावा आणि उरलेल्या धोक्याची माहिती इतरांना द्यावी लागते. एकाहून अधिक कंत्राटदार असल्यास प्रमुख अभिकल्पकाची नियुक्ती आवश्यक असते.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की छपरासाठी ज्योतीने जोडाव्या लागणाऱ्या थरांऐवजी ज्योतीविना बसणारे साहित्य निवडावे, कायमचे जिने लवकर पुरे होतील असा क्रम आखावा आणि लाकडी सांगाड्याच्या बाबतीत शेजारच्या इमारतींपर्यंत पोहोचणारी प्रारित उष्णता विचारात घेऊन अंतर ठरवावे. काम सुरू झाल्यावर कंत्राटदार पहारा ठेवू शकतो, अग्निशामके पुरवू शकतो. परंतु इमारतीची जागा व तिचे मूळ साहित्य सहसा बदलू शकत नाही.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधील १४ जून २०१७ च्या आगीत ७२ जण मरण पावले. २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात बसविलेल्या ज्वालाग्राही बाह्य आच्छादनामुळे ही आग झपाट्याने पसरली. चौकशीच्या २०२४ मधील अंतिम अहवालाने वास्तुशिल्पज्ञांवरही गंभीर ठपका ठेवला. तत्पूर्वी २०२२ चा इमारत सुरक्षा अधिनियम संमत झाला होता. त्याखालील नियमांनुसार ऑक्टोबर २०२३ पासून इंग्लंडमध्ये अभिकल्प इमारत विनियमांशी सुसंगत ठेवण्याचे कर्तव्यही प्रमुख अभिकल्पकावर आले. त्यामुळे बांधकामकाळातील आणि वापरकाळातील अग्निसुरक्षा या दोहोंची जबाबदारी आराखडा करणाऱ्यापर्यंत येऊन पोहोचली आहे.