वंशावळीतील मुले

वंशावळ हा शब्द आपणांस अपरिचित नाही. कुलकर्ण्याच्या दप्तरात ती वतनाचा वारस ठरवी. आजही कचेरीत मृत नोकराच्या निवृत्तिवेतनाचे कागद पाहताना आम्हां कारकुनांना नात्यांची तीच साखळी तपासावी लागते. परंतु आमच्या या नर्मदातीरीच्या मुलखात एके काळी वंशावळी लिहिल्या गेल्या त्या माणसे पकडण्यासाठी.

1830 नंतर विल्यम स्लीमन यांनी ठगांच्या पारिपत्याचे काम नेटाने चालविले. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून त्यांनी ठग घराण्यांच्या वंशावळी सिद्ध केल्या. कोणाचा चुलता कोण, मेहुणा कोण, हे उमगले की पुढचा आरोपी उमगे. फिरंगिया हा नामांकित ठग सापडेना, तेव्हा त्याची आई, बायको व मूल ताब्यात घेण्यात आले. त्यांच्या ओढीने तो दूर पळाला नाही आणि अखेर हाती लागला. नात्याचे बळ सरकारला असे नेमके ठाऊक होते. 1836 च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरविले.

मग प्रश्न आला मुलांचा. ठगी बापाकडून मुलाकडे उतरते, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून 1837 च्या सुमारास जबलपुरात उद्योगशाळा निघाली आणि माफीचे साक्षीदार व त्यांचे मुलगे तेथे तंबू व गालिचे तयार करू लागले. न्यायाने बोलावयाचे तर, त्यांच्या हातांना प्रामाणिक कसब मिळाले, हे थोडे नव्हे. परंतु मुलाने कोठे वाढावे, काय शिकावे, हे सरकारने ठरविले. ज्या आप्तांची नावे इतक्या निगुतीने लिहिली गेली, त्यांना या विचारात स्थान नव्हते.

पुढे 1890 च्या पालक व पाल्य कायद्याने पालक नेमताना नात्याची जवळीक लक्षात घेण्यास न्यायालयांना सांगितले. न्यूझीलंडमध्ये 1989 साली माओरी समाजाच्या आग्रहामुळे मुलाविषयी निर्णय घेताना सगळ्या गोतावळ्याची बैठक बोलाविण्याची पद्धत कायद्यात आली. आपल्या 2015 च्या बालन्याय कायद्याने मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानली. नातलगांच्या व्याख्येत काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा यांना नावानिशी बसविले. अशी बैठक मात्र त्याने सक्तीची केलेली नाही.

नातलग म्हणजे मायाच, असे नव्हे. शनिवारवाड्यात नारायणरावाने काकांनाच घातलेली हाक आपण विसरलेलो नाही. म्हणून अखेरचा निवाडा त्रयस्थाचाच असावा. परंतु निवाड्यापूर्वी आजीला बोलवावे, मामाला विचारावे. आरोपी शोधण्यासाठी जी वंशावळ इतक्या बारकाईने वाचली गेली, ती पोरक्या मुलासाठी उघडण्यास सरकारला कष्ट का पडावेत?