कूस, फूल आणि १८ तास

मराठीत डोळे 'येतात', जशा देवी 'यायच्या'. आलेला पाहुणा चार दिवसांनी जातो, असा भाव त्या क्रियापदात आहे. साथीच्या डोळ्यांबाबत तो बराचसा खराही आहे. पण त्याच भाषेत 'डोळ्यात फूल पडलं' असंही म्हणतात, आणि हे फूल जात नाही. बुबुळावरची जखम पिकली की बरी होतानाही पांढरा व्रण ठेवते. तो मधोमध आला तर त्या डोळ्याची नजर गेली.

भोर-वेल्हे हा भाताचा मुलूख. संस्थानी काळात इथल्या तालुक्यांना गडांची नावं होती, विचित्रगड, प्रचंडगड. दिवाळीच्या सुमारास कापणी, मग झोडणी. साळीचं कूस डोळ्यात उडतं, बुबुळावर ओरखडा पडतो, तिथून जंतू शिरतात. माणूस डोळा चोळतो, दूध किंवा मध घालतो, 'डोळे आलेत' म्हणतो आणि कामाला लागतो. याला अडाणीपणा म्हणू नका. झोडणी थांबवणं परवडत नाही.

आता इतिहास बघा. पेनिसिलिनने बरे झालेले पहिले रुग्ण डोळ्यांचेच होते. १९३० साली इंग्लंडात, शेफील्डला, सेसिल पेन या डॉक्टरने बुरशीचा कच्चा अर्क वापरला. रुग्णांत एक खाणीवरचा माणूस होता: डोळ्यात दगडाची कपची, वर न्यूमोकोकसचा संसर्ग. तो बरा झाला, आणि पेनने हे कुठे छापलंच नाही! पुढे १९५५मध्ये आपल्या पिंपरीत, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, पेनिसिलिन तयार होऊ लागलं. औषध जिल्ह्यात आलं. पण जिल्ह्यात येणं वेगळं आणि वेळेवर डोळ्यात पडणं वेगळं.

वेळेचा हिशेब नेपाळातल्या भक्तपूरने मांडला, तिथेही भातशेतीच. गावातल्या आरोग्यसेवकांनी ओरखडा ओळखायचा आणि क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस द्यायचं. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या एकाचीही जखम पिकली नाही. एवढंसं स्वस्त मलम!

एकदा पिकली, की गोष्ट महाग. जखम खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते, कारण बुरशी असेल तर जीवाणूंचं औषध काहीच करत नाही. आणि दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब तर घातच करतात: लाली उतरते, उतार पडला असं वाटतं, आत बुबुळ पोखरत जातं. जीवाणू असतील तर सुरुवातीला तासातासाला थेंब, रात्रीसुद्धा. त्यासाठी घरात दुसरं माणूस लागतं. आणि वेल्ह्यातल्या कितीतरी घरांतली तरुण माणसं पुण्या-मुंबईला कामाला असतात.