पाळीची सुट्टी : टाइमशेअर आले कुठून, आणि घ्यावे का?

मॉलच्या दाराशी कोणीतरी हसतमुखाने एक चिठ्ठी भरून घेते. आठवड्याभराने फोन येतो : आपली निवड झाली आहे, तीन रात्रींची सहल भेट, फक्त पती-पत्नी दोघांनी मिळून अमुक हॉटेलात यावे. आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी हा फोन एकदा तरी घेतला असेल. दोघांनीच यावे हा आग्रह का, आणि पंचवीस वर्षांच्या सभासदत्वाचा निर्णय त्याच संध्याकाळी घ्यावा ही घाई का, याची उत्तरे इतिहासात सापडतात. म्हणून आजचा धागा गडकोटांवर नाही, टाइमशेअरवर आहे.

वस्तू एक, हक्कदार अनेक आणि वाटणी काळाची, ही कल्पना आपल्याला नवी नाही. भावाभावांत शेत वाटले जाते, विहीर वाटता येत नाही. मग वाटणीपत्रात पाण्याच्या पाळ्या लिहिल्या जातात. देवळातील पूजेच्या पाळ्याही गुरव घराण्यांत अशाच वाटल्या गेल्या आणि पिढ्या वाढल्या तसे एकेकाच्या वाट्याचे दिवस घटत गेले. यावरून कज्जेही पुष्कळ झाले. पण पाळीदार त्या विहिरीच्या आसपासच राहत असे. मोट कोणी जास्त वेळ चालवली, हे त्याला डोळ्यांनी दिसे. हा तपशील पुढे उपयोगी पडेल.

१९६३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही कंपनी स्थापन झाली. युद्धोत्तर समृद्धीने युरोपातील मध्यमवर्गाला पगारी रजा मिळवून दिली होती, पण समुद्रकिनारी स्वतःचे घर घेण्याची ऐपत थोड्यांचीच होती. शिवाय अशी घरे वर्षातले बहुतेक महिने कुलूपबंद राहत. हापिमागने लोकांना भाग विकले, त्या पैशांतून सुट्टीची घरे उभी केली आणि भागधारकांना तेथे राहण्याचा हक्क दिला. सभासद हाच कंपनीचा भागीदार असल्याने ही व्यवस्था विहिरीच्या पाळीच्या बरीच जवळची होती. त्याच दशकाच्या उत्तरार्धात फ्रेंच आल्प्समधील सुपरदेवोलुई येथेही ठरावीक आठवड्यांचे हक्क विकले गेले.

मग ही कल्पना अमेरिकेत रुजली आणि तिचा स्वभाव बदलला.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलबंदी जाहीर केली. पेट्रोल महागले, मंदी आली आणि फ्लोरिडात बांधून ठेवलेले फ्लॅट विकले जाईनात. एका गिऱ्हाइकाला अख्खा फ्लॅट घेणे परवडत नाही, तर त्याचे आठवडे पाडावेत. एक-दोन आठवडे डागडुजीला ठेवून उरलेले पन्नास कुटुंबांना विकावेत, हा तोडगा तेथील बिल्डरांनी उचलला. म्हणजे युरोपात सुट्टीची गरज होती म्हणून घरे घेतली गेली; येथे घरे पडून होती म्हणून सुट्टीची गरज पटवून द्यावी लागली.

पन्नास तुकड्यांची बेरीज अखंड फ्लॅटच्या किमतीपेक्षा बरीच जास्त भरे. मात्र एका फ्लॅटसाठी पन्नास कुटुंबे पटवायची, तर फुकट सहली, जेवणे, विक्रेत्यांची दलाली असा खर्चही अफाट होई आणि तो किमतीतच मिसळला जाई. दुसऱ्या हाताने विकायला काढलेला आठवडा मूळ किमतीच्या जवळपासही जात नाही, याचे एक मोठे कारण हेच : नव्या गिऱ्हाइकाला तुमच्या जेवणावळीचे पैसे द्यायचे नसतात. जोडीने येण्याचा आग्रहही याच हिशेबातला. एकटा आलेला माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून सुटतो, आणि सुटलेला माणूस सहसा परतत नाही.

दरवर्षी तेच गाव, तोच आठवडा, हा कंटाळा दूर करण्यासाठी १९७४ मध्ये आरसीआय ही अदलाबदलीची संस्था निघाली. १९८४ मध्ये मॅरियट आणि १९९१ मध्ये डिस्ने या धंद्यात उतरल्यावर त्याला प्रतिष्ठाही लाभली.

तक्रारी मात्र थांबल्या नाहीत. युरोपीय संघाने १९९४ च्या निर्देशात ग्राहकाला सहीनंतर किमान दहा दिवस फेरविचाराची मुदत दिली आणि त्या काळात आगाऊ रक्कम घेण्यास बंदी केली. २००९ च्या निर्देशात ही मुदत चौदा दिवसांची झाली. स्पेनने १९९८ च्या कायद्याने अशा हक्काला पन्नास वर्षांची कमाल मर्यादा घातली, आणि २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यानंतरचा ‘कायमस्वरूपी’ करार रद्दबातल ठरवला. कायमचा हक्क म्हणजे देखभालीचा खर्चही कायमचा, हे खरेदीच्या उत्साहात कोणाच्या ध्यानात येत नाही.

भारतात १९८६ मध्ये स्टर्लिंग आणि १९९६ मध्ये महिंद्र हॉलिडेज या कंपन्या स्थापन झाल्या. पंचवीस वर्षांचे सभासदत्व, वर्षाला सात रात्री, जांभळा-लाल-पांढरा-निळा असे हंगामांचे रंग आणि शिवाय वार्षिक शुल्क, हा साचा आता परिचित आहे. मिळतो तो राहण्याचा हक्क. इमारतीची मालकी नव्हे.

आणि महाराष्ट्राच्या जिव्हारी लागलेले प्रकरण याच्या शेजारचेच. मुंबईची पॅनकार्ड क्लब्स ही कंपनी हॉटेलातील रात्री आगाऊ विकत असे. राहायचे नसेल तर मुदतीअखेर ठरलेली रक्कम परत. घेणाऱ्यांची नजर कशावर होती, हे सांगायला नको. ही सुट्टी नव्हे, परवानगीशिवाय चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असे सेबीने ठरवले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ५१ लाखांहून अधिक लोकांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. आदेश निघाला म्हणून पैसे हाती आले, असे झाले नाही. वर्षे उलटली तरी गुंतवणूकदार वाटच पाहत राहिले. कायदेशीर टाइमशेअर आणि हा प्रकार एकाच तराजूत घालणे अन्यायाचे ठरेल. पण ‘नाहीच गेलात तरी पैसे वाढतील’ असे वाक्य कानी पडले, तर उठून यावे.

आता हिशेब. समजा, सभासदत्व ४ लाखांना, २५ वर्षे, दरसाल ७ रात्री. विक्रेता भागाकार करून दाखवतो : रात्रीला २,२८६ रुपये. परंतु तेच ४ लाख ७ टक्के व्याजाने ठेवले, तर २५ वर्षे दरसाल सुमारे ३४,३०० रुपये काढता येतात. त्यात १५,००० वार्षिक शुल्क मिळवा. रात्र पडते सुमारे ७,००० रुपयांना. दर तीन वर्षांतून एक सुट्टी वाया गेली, तर साडेदहा हजारांना. हॉटेलांचे दर वाढणार, हा विक्रेत्याचा मुद्दा खोटा नाही. पण वार्षिक शुल्कही वाढते, आणि किती वाढेल हे सभासद ठरवत नाही. विहीर आता दुसऱ्याच्या रानात आहे.

ज्यांची रजा दरवर्षी नक्की असते, जे महिनोन्‌महिने आधी आरक्षण करतात आणि ज्यांना तसल्याच प्रतीच्या खोलीला एरवीही सात हजारांहून जास्त मोजावे लागतात, अशा कुटुंबांना हा व्यवहार परवडू शकतो. माझ्या ओळखीत अशी घरे फार थोडी आहेत. भारतात टाइमशेअरसाठी युरोपसारखा स्वतंत्र कायदा नाही, ग्राहक संरक्षण कायद्याचाच आधार आहे. तेव्हा रद्द करण्याची मुदत, शुल्कवाढीची मर्यादा आणि सुट्टीच्या दिवसांत खोली न मिळाल्यास काय, ही तीन कलमे करारात शोधा. तोंडी आश्वासन तिथेच ठेवून या, कराराची प्रत घरी आणा. आईवडील त्या हॉटेलात जाणारच असतील, तर त्यांच्यासोबत तुम्हीही जा.