कमान की अध्यासन? माजी विद्यार्थ्याच्या पैशाचं काय होतं

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या सरकारी कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज आला. सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रवेशद्वारावर कमान बांधायची आहे, यथाशक्ती मदत करा. मी दिले पैसे. पण तिथला स्पेक्ट्रोफोटोमीटर मी एम.एस्सी.ला असतानाच बंद पडला होता आणि तो अजून बंदच आहे, हे आठवून जरा कसंसंच झालं. तेव्हापासून डोक्यात घोळणारी एक गोष्ट तुम्हाला सांगतो. नेट-सेट झाल्यावर फेलोशिपच्या मागे धावणार असाल, तर ती तुमचीही आहे.

सुरुवात आपल्या मुंबईतून. कापसाच्या तेजीत श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. तोच राजाबाई टॉवर, आईच्या नावाचा. त्यांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख दिले होते. तिथे त्या पैशातून मनोरा उभा राहिला नाही, प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती निघाली. ती मिळवणाऱ्यांत आशुतोष मुखर्जी होते, पुढे मेघनाद साहाही. मुंबईचा मनोरा सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कलकत्त्याच्या दोन लाखांतून माणसं उभी राहिली.

अर्थात प्रेमचंद काही त्या विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते. माजी विद्यार्थी म्हणावा असा दाता म्हणजे रासबिहारी घोष. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले, कलकत्ता हायकोर्टातले नामांकित वकील. १९०७ च्या सुरत काँग्रेसचे अध्यक्ष तेच. ज्या अधिवेशनात जोडा भिरकावला गेला, तेच अधिवेशन!

आशुतोष मुखर्जी तोवर कुलगुरू झाले होते. विद्यापीठाने नुसत्या परीक्षा घ्यायच्या नाहीत, संशोधनही करायचं, असा त्यांचा आग्रह. सरकार हात आखडता घेत होतं. तेव्हा १९१२ मध्ये बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी पैसा आणि जमीन मिळून सुमारे १५ लाखांची देणगी दिली. पाठोपाठ १९१३ मध्ये घोष यांनी १० लाख दिले आणि १९१९ मध्ये पुन्हा मोठी रक्कम. या पैशावर १९१४ साली सायन्स कॉलेजची पायाभरणी झाली.

आता अटी बघा, कारण खरी मेख तिथे आहे. पैसा प्राध्यापकपदांसाठी, म्हणजे अध्यासनांसाठी होता. घोष यांनी उपयोजित गणित, भौतिकी, रसायन आणि वनस्पतिशास्त्र अशी चार अध्यासनं ठरवली आणि त्यांना जोडून संशोधक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या. दोघांचीही एक अट समान होती, की प्राध्यापक भारतीयच हवा. सरकारी शिक्षणखात्यात वरच्या जागा बहुतेक युरोपियनांकडे जायच्या, त्या काळात ही अट म्हणजे दानपत्रात लिहिलेलं राजकारणच होतं. माझ्या मते तो वकिली डोक्याचा उत्तम वापर आहे.

पालित अध्यासनावर आले सी. व्ही. रामन. अर्थखात्यातली जास्त पगाराची नोकरी सोडून १९१७ मध्ये रुजू झाले. परदेशात प्रशिक्षण घेऊन येण्याची अट त्यांनी मानली नाही, आणि विद्यापीठाने ती सोडून दिली. १९२८ चा शोध लागला तो दुसऱ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत, पण तेव्हा रामन पालित प्राध्यापकच होते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या भाषणात हे कुणी सांगत नाही.

वनस्पतिशास्त्राचं घोष अध्यासन मिळालं मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांना. एल्फिन्स्टनचे विद्यार्थी. अभ्यासासाठी जर्मनीला गेले आणि पहिल्या महायुद्धात तिथेच अडकले. परतल्यावर निवृत्तीपर्यंत कलकत्त्यात शिकवलं आणि १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू झाली, तिच्या मुळाशी तेच होते. आजची आघारकर संशोधन संस्था ती हीच. म्हणजे एका बंगाली वकिलाच्या देणगीचा धागा थेट पुण्यापर्यंत येतो.

सगळं गोड नव्हतं. अध्यासनाचा पगार दानातून निघाला तरी प्रयोगशाळा, काच, वीज, शिपाई यांचा खर्च विद्यापीठालाच करावा लागायचा. तिजोरी आटली. १९२२ मध्ये बंगाल सरकारने अडीच लाख देऊ केले, पण कारभारावर नियंत्रणाच्या अटींसह. विद्यापीठाने ते नाकारले. रामन, साहा यांच्यासारखी माणसं असलेलं विद्यापीठ हातात पैसा नसताना अडीच लाख परत करतं, याचा विचार करा. दात्याची अट चालली, सरकारची का नाही? मला वाटतं, दात्याची अट एकदाच लिहिली गेली, नंतर रोज कोणी दारात उभं राहणार नव्हतं.

आज आकडे वेगळे आहेत. २०२३ मध्ये नंदन निलेकणींनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले आणि त्याच वर्षी तिथल्या १९९८ च्या बॅचने ५७ कोटी. जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजचे माजी विद्यार्थी म्हणजे शिक्षक, तलाठी, बँकेतले क्लार्क. त्यांच्याकडून कोटी येणार नाहीत. पण स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या दुरुस्तीला कोटी लागतही नाहीत.

ग्रुपवर मी हे थोडक्यात लिहिलं. दोघांनी अंगठा दाखवला. एका सरांनी लिहिलं, "कल्पना चांगली आहे, पण कमानीची ऑर्डर देऊन झाली." मग रात्री उशिरा माझ्याच बॅचच्या एकीचा मेसेज आला, वेगळा, खाजगीत: त्या यंत्राचं मॉडेल कोणतं होतं रे?